रीडिंग सरकतंय? वर की खाली, ते आधी सांगा

जून लागला, दोन जोराच्या सरी झाल्या की कोल्हापूर आणि आसपासच्या लॅबमधून एकच तक्रार सुरू होते. ‘सर, मशीन परत खुळ्यासारखं करायलंय. एकदा घातलं तर ०.३१२, तेच परत घातलं की ०.३४०.’ कधी माती परीक्षणाची लॅब असते, कधी कॉलेजचा रसायनशास्त्र विभाग, कधी साखर कारखाना. मशीन म्हणजे द्रावण किती प्रकाश शोषतं ते मोजणारा स्पेक्ट्रोफोटोमीटर, नाहीतर जुना फिल्टरचा कलरीमीटर. उन्हाळ्यात सुरळीत चालतं, पावसाळ्यात बिघडतं, दिवाळीनंतर आपोआप बरं होतं आणि पुढच्या जूनला परत तेच.

यावर माझा उलटा प्रश्न ठरलेला: रीडिंग वर चाललंय की खाली? सावकाश चाललंय की उड्या मारतंय? आणि ब्लँक, म्हणजे नमुना सोडून बाकी सगळं असलेलं द्रावण, परत घातल्यावर काय दाखवतंय? बहुतेकांनी हे बघितलेलंच नसतं. ‘सरकतंय’ एवढ्यावर समाधान मानून थेट दिवा बदलायची ऑर्डर गेलेली असते. खरं तर कुठल्या बाजूला आणि कशा चालीने सरकतंय, यातच अर्धं निदान असतं.

यंत्राला नेमकं काय कळतं

दिव्याचा पांढरा प्रकाश ग्रेटिंगवर पडतो, त्याचे रंग वेगळे होतात, एका फटीतून त्यातला एक बारीक पट्टा पुढे येतो, क्युव्हेटमधल्या, म्हणजे छोट्या पारदर्शक चौकोनी डबीतल्या द्रावणातून आरपार जातो आणि डिटेक्टरवर पडतो. यंत्र दोनच गोष्टी मोजतं: ब्लँकमधून किती प्रकाश आला आणि नमुन्यातून किती आला. त्या गुणोत्तराचा लॉगरिदम म्हणजे पडद्यावरचा ॲब्सॉर्बन्स. दहा टक्के प्रकाश आला तर १, एक टक्का आला तर २.

प्रकाश का कमी झाला, हे मात्र त्याला कळत नाही. फॉस्फरस (स्फुरद) मोजताना येणाऱ्या निळ्या रंगाने शोषला, बोटाच्या ठशाने अडवला, बुडबुड्याने वाकवला किंवा गाळाने विखुरला, तरी डिटेक्टरला सगळं सारखंच. बूगे यांनी १७२९ मध्ये, लॅम्बर्ट यांनी १७६० मध्ये आणि बीअर यांनी १८५२ मध्ये जे मांडलं ते प्रकाश शोषला जाण्याबद्दल आहे. वाफ, ठसे आणि गाळ त्यांच्या सूत्रात नाहीत. ते आपण क्युव्हेटबरोबर आत घालतो.

पहिली चाचणी: आत काहीच ठेवू नका

यंत्र चालू करून अर्धा तास तापू द्या. मग कप्पा रिकामा ठेवून, झाकण लावून, तुमच्या नेहमीच्या तरंगलांबीवर शून्य करा. माती परीक्षणात स्फुरदासाठी ६६० किंवा ८८२ नॅनोमीटर असेल, कारखान्यात साखरेच्या रंगासाठी ४२०. पुढचा अर्धा तास दर पाच मिनिटांनी आकडा वहीत लिहा. शून्याचं बटण मध्ये दाबायचं नाही. तो मोह आवरणं हाच या चाचणीतला अवघड भाग आहे, कारण हात आपोआप तिकडे जातो.

नुसत्या हवेवर आकडा जागेवर राहिला, शेवटचा एखादा अंक इकडेतिकडे झाला, तर यंत्र ठीक आहे आणि दोष क्युव्हेटमध्ये किंवा रसायनात आहे. हवेवरच आकडा चालू लागला तर यंत्राकडे वळा. माझ्या अनुभवात पहिला प्रकार कितीतरी जास्त असतो, म्हणून आधी तोच घेतो.

हवा स्थिर, नमुना सरकतो

*सुरुवातीला जास्त, मग सावकाश खाली.* पावसाळ्यात पहिला संशय वाफेचा. फ्रीजमधून काढलेलं स्टँडर्ड (माहीत असलेल्या प्रमाणाचं द्रावण) किंवा एसीच्या खोलीतलं गार क्युव्हेट दमट हवेत आलं की काचेवर पाणी धरतं. आपल्याकडे जुलैतली हवा इतकी ओली असते की वीस अंशांच्या खालचं काहीही बाहेर काढा, त्यावर धुकं येणारच. ते प्रकाश विखुरतं आणि रीडिंग चढं येतं. कप्प्यातल्या उबेने वाफ उडत जाते तसा आकडा उतरतो. क्युव्हेट उजेडासमोर तिरकं धरून बघा, काचेवर दुधाळ पट्टा दिसेल. उपाय सोपा: सगळ्या बाटल्या तासभर आधी बाहेर काढा.

याची उलटी बाजू जास्त फसवी आहे. शून्य करताना ब्लँकच धुकटलेलं असेल तर पुढचे सगळे नमुने कमी येतात आणि कुणाला शंकाही येत नाही. तासाभराने ब्लँक परत घातल्यावर ते उणे ०.०१५ दाखवतं तेव्हा हे उघडकीला येतं. ब्लँक उणे दिसलं की लोक घाईने शून्याचं बटण दाबतात आणि पुरावाच पुसून टाकतात.

याच चालीचा दुसरा संशयित म्हणजे गाळ. मातीचा अर्क काढताना रंग घालवायला कोळशाची भुकटी वापरतो. फिल्टर पेपर हलका असेल किंवा गाळताना घाई झाली तर कोळशाचे बारीक कण खाली उतरतात. क्युव्हेटमध्ये ते हळूहळू तळाशी बसतात, प्रकाशाचा मार्ग मोकळा होतो आणि रीडिंग उतरतं. कारखान्यात साखरेचा रंग ४२० वर बघणाऱ्यांना हा त्रास जास्त होतो, कारण बारीक कण आखूड तरंगलांबीचा प्रकाश जास्त विखुरतात. ०.४५ मायक्रॉनच्या मेम्ब्रेनमधून गाळायची पायरी वेळखाऊ म्हणून वगळली की साखर आहे त्यापेक्षा काळी ठरते.

*सावकाश, सलग वर.* स्फुरदाच्या कामात याचं कारण बहुतेक वेळा निळा रंग अजून पुरता आलेला नाही, एवढंच असतं. ॲस्कॉर्बिक ॲसिडच्या पद्धतीत रंग यायला वेळ लागतो आणि गारठ्यात तो आणखी हळू येतो. मे महिन्यात वीस मिनिटांत पूर्ण झालेली प्रक्रिया झडीच्या दिवसांत तेवढ्याच वेळात पूर्ण होईल असं धरून चालू नका. एकच नमुना कप्प्यात ठेवून आकडा कुठे थांबतो ते बघा आणि त्या दिवसापुरती तीच वेळ सगळ्यांना लावा, स्टँडर्डलासुद्धा. सोडियम बायकार्बोनेटच्या अर्कात आणखी एक मेख आहे: तापमान वाढलं की मातीतून स्फुरदही जास्त निघतो. एकाच शेताची माती मे आणि ऑगस्टमध्ये वेगळे आकडे देते, त्यात याचाही वाटा असतो, आणि त्याला मशीन काहीही करू शकत नाही.

*सावकाश, सलग खाली, पण वाफही नाही आणि गाळही नाही.* स्टॅनस क्लोराइड वापरत असाल तर रंग उतरतोय. त्या पद्धतीत रंग आल्यावर दहा ते बारा मिनिटांच्या दरम्यान वाचायचं असतं. चाळीस नमुन्यांना एकदम रसायन घालून मग एकेक वाचत बसलात तर शेवटच्या दहांना न्याय मिळत नाही. दोन-दोन मिनिटांच्या अंतराने घाला आणि त्याच अंतराने वाचा.

*उड्या मारत वर.* बुडबुडे. ओल्सेनच्या पद्धतीत बायकार्बोनेटच्या अर्कात सल्फ्युरिक ॲसिड घालतो, पॅरानायट्रोफिनॉलचा पिवळा रंग जाईपर्यंत. तेव्हा कार्बन डायऑक्साइड फसफसून निघतो. वरचा फेस बसला की काम झालं असं वाटतं, पण वायू द्रावणात विरघळलेला राहतो आणि क्युव्हेटच्या भिंतीवर टाचणीच्या टोकाएवढे बुडबुडे धरायला लागतात. ते वाढतात, प्रकाशाच्या वाटेत येतात, मग सुटून वर जातात. आकडा ०.२८, ०.२९, ०.३३ आणि मग एकदम ०.२८ असा नाचतो. क्युव्हेट बाहेर काढून नखाने टिचकी मारली आणि आकडा खाली आला, तर निदान पक्कं. ॲसिड थेंबाथेंबाने घाला, फ्लास्क चांगला हलवा आणि वायू निघून जायला पुरेसा वेळ द्या. मगच रंगाचं रसायन घाला.

*ब्लँकच दिवसभर चढत जातं.* स्फुरदाच्या कामातला मॉलिब्डेनमचा निळा रंग काचेला चिकटतो. पंचवीस-तीस नमुने झाले की क्युव्हेटच्या आत नजरेला न दिसणारा निळसर थर बसतो. कोऱ्या कागदावर ठेवून वरून बघितलं तर कधीकधी दिसतो. सौम्य सोडियम हायड्रॉक्साइडने थोडा वेळ धुवा, मग सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिडने, मग भरपूर ऊर्ध्वपातित पाण्याने. भांडी घासायची पावडर वापरू नका. तिच्यात फॉस्फेट असेल तर तुम्ही साबणाचा स्फुरद मोजून शेतकऱ्याच्या जमिनीच्या आरोग्यपत्रिकेत भराल.

*जागा बदलली की आकडा बदलतो.* क्युव्हेटला दोन बाजू स्वच्छ आणि दोन खरबरीत असतात, धरायचं खरबरीत बाजूंनी. हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि घाईत कुणी पाळत नाही. क्युव्हेट दरवेळी एकाच तोंडाने घाला, वरच्या कडेला पेन्सिलने खूण करा. दोन क्युव्हेट वापरत असाल तर दोन्हींत पाणी भरून फरक बघा. एकाचं शून्य दुसऱ्याला ०.०१२ दिसत असेल तर तो जोड मोडा. ओल्या क्युव्हेटला रुमाल लावणं बंद करा, मऊ टिश्यू वापरा. आणि काचेचं किंवा प्लास्टिकचं क्युव्हेट ३४० नॅनोमीटरच्या खाली नेऊ नका, तिथे क्वार्ट्‌झच लागतं. कॉलेजमध्ये अतिनील पट्ट्यात ‘सगळेच नमुने ॲब्सॉर्ब करतायत’ अशी तक्रार आली की मी आधी क्युव्हेट कशाचं आहे ते विचारतो.

हवाच सरकते

आता यंत्राकडे. रिकाम्या कप्प्यावर आकडा पहिल्या वीस-तीस मिनिटांत सरकून मग स्थिरावत असेल तर त्यात बिघाड काही नाही, दिवा तापतोय. सिंगल बीम यंत्रात (प्रकाशाची एकच वाट असलेल्या) दिवा शून्य केल्यानंतर उजळत गेला की आकडा उण्याकडे जातो, मंदावत गेला की अधिकाकडे. दिवसभर अधिकाकडेच सरकत असेल, आणि ३४०-४०० च्या टोकाला आकडा थरथरत असेल पण ६०० च्या आसपास बरा असेल, तर हॅलोजन दिवा म्हातारा झाला. निळ्या टोकाला त्याचा प्रकाश मुळातच कमी, त्यामुळे थकवा आधी तिथे दिसतो. नवा दिवा बसवताना काचेला उघडं बोट लावू नका. बोटाचं तेल तापून तिथली काच खराब होते. लागलंच तर आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसा. अतिनील पट्ट्यासाठीच्या ड्युटेरियमच्या दिव्याकडे चालू असताना बघू नका, तो अतिनील प्रकाश डोळ्यांना घातक आहे.

रीडिंग एकदम उडतं आणि परत येतं, तेही फ्रीजचा कॉम्प्रेसर किंवा ओव्हन चालू-बंद होताना, तर व्होल्टेज बघा. टंगस्टनच्या दिव्याचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ घाताने बदलतो. म्हणजे व्होल्टेज एक टक्का हललं की प्रकाश साडेतीन टक्क्यांच्या आसपास हलतो आणि ॲब्सॉर्बन्समध्ये ०.०१५ चा फरक पडतो. नव्या यंत्रांत आतच नियंत्रण असतं, जुन्या कलरीमीटरला चांगला स्टेबिलायझर हवाच. आणि ओव्हन ज्या बोर्डावर आहे त्याच बोर्डावर मशीन लावू नका. हे फुकटात होणारं काम आहे.

खास पावसाळी दोष तिसराच. कप्प्यात काळा पुठ्ठा घालून प्रकाश पूर्ण बंद करा आणि ट्रान्समिटन्स, म्हणजे आरपार आलेल्या प्रकाशाची टक्केवारी, बघा. तो शून्यावर ठाम राहायला हवा. अंधारातही आकडा फिरत असेल तर दिव्याचा काही संबंध नाही. डिटेक्टरकडून येणारा विद्युतप्रवाह अतिशय सूक्ष्म असतो आणि सर्किट बोर्डावर ओलावा बसला की त्यातून चोरवाट तयार होते. गगनबावडा, राधानगरीकडच्या लॅबमध्ये हे दरवर्षी होतं. आतल्या सिलिका जेलची पिशवी बघा: निळ्याची गुलाबी झाली असेल, किंवा नारिंगीची हिरवी, तर ती भरली. ओव्हनमध्ये १२० अंशांच्या आसपास काही तास ठेवली की परत चालते. पावसाळ्याचे चार महिने हे काम पंधरवड्याला करा. यंत्र आठ-आठ दिवस बंद ठेवू नका, रोज थोडा वेळ चालवलं की आतली ऊब ओलावा धरू देत नाही. दिवसा एसी लावून रात्री खिडकी उघडी टाकणं हा यंत्रावर मुद्दाम पाणी शिंपडण्याचाच प्रकार आहे.

सरकत नाही, पण चुकतंय

आकडा ठाम असूनही चुकीचा असू शकतो, आणि मला या प्रकाराची जास्त भीती वाटते. आरशांवर बुरशीचा पातळ थर आला की भलत्या तरंगलांबीचा प्रकाश इकडूनतिकडून डिटेक्टरवर पोचतो. असा भटका प्रकाश एक टक्का असेल तर ०.३ चं रीडिंग जवळपास तसंच राहतं, १.० चं ०.९६ होतं आणि २.० चं चक्क १.७०. म्हणून स्टँडर्डची रेष वरच्या टोकाला वाकते. लोक म्हणतात स्टँडर्ड चुकलं, आणि नवीन करत बसतात. लिटरला ५० ग्रॅम सोडियम नायट्राइटचं द्रावण ३४० नॅनोमीटरवर ठेवा. ते जवळजवळ काहीच आरपार जाऊ देत नाही, तरीही जो ट्रान्समिटन्स दिसेल तो भटका प्रकाश. इलाज हाताशी नसेल तर नमुना पातळ करून ०.२ ते ०.८ च्या दरम्यान आणा. आरसा किंवा ग्रेटिंग स्वतः पुसू नका. ग्रेटिंगवरच्या रेषा कापसाच्या बोळ्यानेही कायमच्या जातात.

तरंगलांबी बघायला होल्मियमचं द्रावण चांगलं, त्याची शिखरं ३६१.३, ५३६.६ आणि ६४०.५ नॅनोमीटरवर दिसली पाहिजेत. ड्युटेरियमचा दिवा असेल तर त्याची स्वतःची ६५६.१ ची रेषाही चालते. ‘दोन नॅनोमीटरने काय होतंय?’ असं म्हणणाऱ्यांना मी जमखंडीचं ग्रहण सांगतो. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाला लेफ्टनंट जॉन हर्शेल वर्णपटदर्शक घेऊन आपल्या शेजारच्या जमखंडीत होते आणि सूर्याच्या ज्वाळांमध्ये त्यांना ठळक रेषा दिसल्या. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सन त्याच ग्रहणासाठी गुंटूरला होते. त्या रेषांतली एक सोडियमच्या ५८९ च्या जोडरेषेला इतकी खेटून होती की तेव्हा अनेकांनी ती सोडियमचीच धरली. ती ५८७.६ ची, म्हणजे हेलियमची निघाली. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकयर यांनी त्याच वर्षी २० ऑक्टोबरला इंग्लंडमधून, ग्रहण नसताना, तिचा माग काढला. पृथ्वीवर हेलियम हाती लागायला रसायनशास्त्रज्ञ रॅम्से यांच्यापर्यंत, १८९५ पर्यंत थांबावं लागलं. दीड नॅनोमीटरच्या आत एक अख्खं मूलद्रव्य होतं. तुमच्या निळ्या रंगाचं शिखर पसरट असतं, त्यामुळे ८८२ वर एवढा फरक पडत नाही. पण ६६० हा त्या रंगाचा उतार आहे आणि उतारावर डायल जरा इकडेतिकडे झाली तरी आकडा बदलतो. डायल नेहमी एकाच बाजूने फिरवत आणा.

रोजच्या तपासणीसाठी एक राखाडी काचेचा फिल्टर कायमचा ठेवा, त्याचं रीडिंग रोज सकाळी लिहा. पोटॅशियम परमँगनेट त्यासाठी वापरू नका. रंग झकास दिसतो, पण द्रावण टिकत नाही आणि काचेवर तपकिरी डाग धरतं.

फ्लेम फोटोमीटर आणि फाउंड्रीचा स्पेक्ट्रोमीटर

पालाशासाठी (पोटॅशियमसाठी) फ्लेम फोटोमीटर, म्हणजे ज्योतीचा रंग मोजणारं यंत्र, वापरणाऱ्यांनो, ७६६.५ वरचं रीडिंग लुकलुकत असेल तर कॉम्प्रेसरच्या नळीतलं पाणी काढा. सलग उतरत असेल तर द्रावण ओढणारी बारीक नळी तुंबली आहे. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या फाउंड्रीवाल्यांचा प्रश्न वेगळा: सिलिकॉन, मँगनीज बरोबर येतात आणि कार्बन, सल्फर, फॉस्फरस तेवढे कमी. कार्बनची रेषा १९३.१, सल्फरची १८०.७, फॉस्फरसची १७८.३ नॅनोमीटरवर असते आणि त्या पट्ट्यातला प्रकाश हवेतला ऑक्सिजन आणि वाफ खाऊन टाकतात. ती हवा बाहेर ठेवायलाच आर्गॉन वायू असतो, म्हणून आधी त्याचे जोड आणि सिलिंडर तपासा, मग स्पेक्ट्रोमीटरला दोष द्या.

सर्व्हिसवाल्याला फोन करताना

हे सगळं करूनही हवेवरचं किंवा अंधारातलं रीडिंग सरकत असेल तर बोलवाच. ‘मशीन नीट चालत नाही’ असं सांगितलंत तर तो दिव्याचं बिल घेऊनच येईल. त्याऐवजी सांगा: अर्ध्या तासात हवेवर किती आणि कुठल्या बाजूला सरकलं, काळा पुठ्ठा घातल्यावर काय दिसलं, ३४० आणि ६६० वर थरथर किती, राखाडी फिल्टरचा आकडा मार्चमध्ये काय होता आणि आज काय आहे. दिवा बदललाच तर जुना मागून घ्या आणि बदलायच्या आधीचं-नंतरचं रीडिंग त्याच्यासमोर वहीत लिहून त्याची सही घ्या.